सिझर कुणाच्या नावावर

३ मार्च

शेहेचाळीस! शंभर बाळंतपणांत माझे शेहेचाळीस सिझर. आणि तिचे चौदा.

ती म्हणजे कोण, हे या वहीला सांगायला नको. तरी लिहितोच, हात शिवशिवताहेत. ती म्हणजे माझी बायको. त्याच हॉस्पिटलात, त्याच विभागात, माझ्या शेजारच्या खोलीत बसणारी बाळंतपणाची डॉक्टर.

मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, मोजणी सुरू केलीय. म्हणाल्या, सिझर वाढलेत म्हणून नुसते सुस्कारे सोडून भागत नाही, का वाढलेत ते कळलं पाहिजे, आणि मोजल्याशिवाय काही कळत नाही. गेल्या सहा महिन्यांचा हिशेब करून भिंतीवर पट्ट्यांचा आलेख लावला. नावं नाहीत. प्रत्येकाला एक अक्षर — कुणाचं मन दुखायला नको म्हणून! आम्ही पाचच डॉक्टर. सगळ्यात उंच पट्टी ‘ग’ची. चौघांनी आधी पट्टीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. झाकली मूठ म्हणे!

मी म्हणालो, “माझ्याकडे अवघड बायका येतात.”

मॅडम कागद सारखे करत म्हणाल्या, “सगळे डॉक्टर हेच म्हणतात. मग सोप्या बायका जातात तरी कुठं?”

सगळे हसले. बायकोही हसली. बिस्किट चहात बुडवत होती. ते तुटून कपात पडलं तेव्हा मला जरा बरं वाटलं.

जूनअखेर मॅडम निवृत्त होणार. खुर्ची माझी, असं मी धरून चाललोय. इथल्या नोकरीत मी बायकोला दोन वर्षांनी सिनियर. पण आता भिंतीवर ती पट्टी आहे! येताना एकाच गाडीत बसून आलो. सबंध रस्ता मी धुमसत होतो. ती म्हणाली, “दूध संपलंय का रे घरातलं?”

४ मार्च

चौदा. आणि वर दूध!

७ मार्च

आईला कळलं. बायकोनेच जेवताना सहज सांगितलं. आई म्हणाली, “माझी सून आहेच मुळी गुणाची.” माझी सून! आणि मी कोण, भाडेकरू?

मी म्हटलं, अशा आकड्यांना काही अर्थ नसतो गं आई. तर म्हणते, “तू पायाळू जन्मलास. आधी पाय बाहेर, मग बाकीचा. डॉक्टरीणबाई शांत बसून राहिल्या आणि आलास की सुखरूप. तिथं तू डॉक्टर असतास तर मला उभी चिरली असतीस.”

बायकोला ठसका लागला. मी पाण्याचा तांब्या माझ्याचकडे ठेवला.

११ मार्च

आज तिच्या लेबर रूममध्ये डोकावलो. हेरगिरीच म्हणा. एवढं काय करते ते तरी बघावं! एक पहिलटकरीण आत होती. आणि आमच्या बाईसाहेब काय करत होत्या? काही नाही! स्टुलावर बसल्या होत्या. दोघींचं चाललं होतं — नणंद कशी आगाऊ आहे, घराला रंग कुठला द्यायचा. कळ आली की बायको गप्प. कळ ओसरली की पुन्हा नणंद.

यात वैद्यक कुठे आलं? एवढं तर आमची आईही करेल. आणि ह्याचे चौदा!

मोठ्या सिस्टरनी मला दारात पाहिलं. “काही हवंय का सर?” म्हटलं, पेन विसरलोय. पेन खिशाला लावलेलं होतं.

१४ मार्च

सापडलं! अहाहा, सापडलं!

दुपारी तिचा फोन, “ये ना, एक काढायचंय.” गेलो. हे आमचं शिकत असल्यापासूनचं — ती बसते, मी कापतो. तिची बाई अडली की ती मला बोलावते; मी मोकळा नसलो तरच स्वतः कापते. इतरही बोलावतात, माझा हात जलद आहे म्हणून. आज टाके घालता घालता डोक्यात लख्ख उजेड पडला. हे सिझर कुणाच्या नावावर? ज्याच्या हातात सुरी, त्याच्या! म्हणजे बाई तिची, निर्णय तिचा, आणि पट्टी उंच कुणाची? माझी!

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे हरी गुणी ठरला आणि गाढवाची वरात भिंतीवर!

ती अजून आतच होती, पेशंटच्या कानाशी काहीतरी बोलत. मी हातमोजे काढले आणि मनातल्या मनात शीळ घातली.

१७ मार्च

मॅडमकडे गेलो. एकटाच. म्हटलं, कळा देताना बाई ज्याच्या देखरेखीखाली होती, सिझर त्याच्या नावावर लावा. सुरी कुणी धरली याला काय महत्त्व?

मॅडम म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं. कारण शोधायचं तर निर्णय मोजायला हवा, हात नाही. आम्हाला आधीच सुचायला हवं होतं. सहाही महिने पुन्हा मोजू.” मी उठलो तर म्हणतात, “घरी बोललात?”

“घरचं घरी, इथलं इथं,” मी म्हणालो. काय रुबाबात म्हणालो!

दोन घास जास्त गेले आज. आई म्हणाली, बरं वाटतंय वाटतं. वाटतंय!

२६ मार्च

मीटिंगमध्ये मॅडमनी जाहीर केलं आणि माझं नावही घेतलं. नको होतं घ्यायला. बायकोने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

गाडीत मी वाट बघत होतो — आता भडकेल, मग भडकेल. माझी सगळी उत्तरं तयार होती. ती म्हणाली, “मला सांगितलं असतंस तर मीच सुचवलं असतं. खरंच आहे ते.”

झालं! हिच्या पाठीत सुरा खुपसायला जावं तर ही मागे वळून विचारणार, हात नाही ना रे दुखला तुझा?

२ एप्रिल

नवा आलेख. मी एकतीस. ती एकोणतीस. एकोणतीस!! मी टाळ्या वाजवणार होतो, जेमतेम हात आवरले. दोन टक्क्यांचा फरक म्हणजे काय, काहीच नाही. सारखेच आम्ही. खुर्ची पुन्हा माझ्या बाजूला सरकली.

एवढ्यात मॅडमनी दुसरा कागद लावला. “आता खरी गंमत,” म्हणाल्या. साऱ्या बायका एका मापाने मोजणं चूक, म्हणून त्यांनी दहा गट पाडलेत. पहिलटकरणी वेगळ्या, आधी सिझर झालेल्या वेगळ्या, उलटी बाळं वेगळी, जुळी वेगळी. बघायचा तो पहिला गट — पहिलटकरीण, दिवस भरलेले, एकच बाळ, डोकं खाली, कळा आपणहून सुरू झालेल्या. म्हणजे जिला काहीच अडचण नाही अशी. तिचं सिझर का व्हावं?

त्या गटात तिचे आठ. माझे चोवीस.

मग तिचे एकूण एकोणतीस कसे? तर तिच्याकडे आधीचं सिझर झालेल्या, उलट्या बाळाच्या, चार दारांवरून परत पाठवलेल्या बायका येतात म्हणून. अवघड बायका खरंच कुणाकडे तरी जातात तर! फक्त माझ्याकडे नाही.

आणि ही मोजणी करायला लावली कुणी? मी. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा, तोही चांगला निवडून, पारखून.

५ एप्रिल

नमुना लहान आहे. एवढ्याशा आकड्यांवरून काही ठरवता येत नाही.

(लहान नाही. घरी बसून पडताळून पाहिलं.)

९ एप्रिल

मीही बसणार! तिला जमतं तर मला का नाही?

सकाळी माझी एक पहिलटकरीण आली, तर स्टूल ओढून बसलो. बोलू काय? म्हटलं, नणंद आहे का तुम्हाला? ती म्हणाली, नाही. संपलं. मग नुसताच बसलो. थोड्या वेळाने मोठ्या सिस्टर कानाशी येऊन म्हणाल्या, “सर, रागावू नका, पण तुमचा पाय सारखा हलतोय. ती त्या बुटाकडेच बघतेय.” बूट काढून बसलो. मोज्याला भोक! ती पोरगी त्या कळांतही हसली.

माझी तऱ्हा मला माहीत आहे. कळा मंदावल्या की मी घड्याळ बघायला लागतो. पुढं काही झालं तर? आत्ताच काढून घेतलं तर सुटलो! आज चार वेळा असं वाटलं. चारही वेळा बाळाचे ठोके बघितले, चारही वेळा चांगले होते, चारही वेळा पुन्हा बसलो. दुपारी नॉर्मल झाली. मुलगी.

आनंद व्हायला हवा होता. पहिला विचार काय आला तर — आता बायकोचे आठ, माझे किती? शी!

१५ एप्रिल

तिचा फोन आला. “चार नंबरच्या बेडवरची आहे. आधीचं सिझर, नॉर्मलची वाट बघत होतो. टाक्यांपाशी दुखायला लागलंय, ठोकेही घसरताहेत. ये.”

मी रिकामा होतो. पेपर वाचत होतो. म्हणालो, “आता निर्णय ज्याचा, नाव त्याचं. मग हातही तुझाच असू दे की.”

“बरं.” फोन बंद.

मी मागोमाग गेलो. थिएटरच्या दाराला गोल काच आहे, तिथे उभा राहिलो. मनाला बजावलं, हात अडखळलाच तर मी आहे. खोटं! मला ती अडखळायला हवी होती. बाळाला काही व्हायला नको होतं, देवाशपथ नको होतं, पण तिने एकदा तरी दाराकडे बघावं, मला शोधावं, एवढं हवं होतं.

नाही बघितलं. वर्षानुवर्षं मी तिला सुरी धरताना पाहिलंच नव्हतं. एक हालचाल वाया नाही. बाळ बाहेर, रडलं, सगळं ठीक. माझ्यापेक्षा जलद! घड्याळाकडे लक्ष नव्हतं असं लिहिणार होतो. होतं.

म्हणजे जे एक माझं म्हणून होतं तेही तिचंच. बसणं तिचं, कापणंही तिचं. मग माझं काय? पेपर?

१६ एप्रिल

विचारलंच शेवटी. ती मटार सोलत होती.

“तुला एवढं येतं तर इतकी वर्षं मला का बोलवायचीस?”

“तुला काय वाटलं?”

“वाटलं, तुझा हात बसलेला नाही.”

“एकत्रच शिकलो ना रे आपण? माझा हात कधी वाईट होता?” मग म्हणाली, “मला तिच्या डोक्यापाशी थांबायचं असतं. दिवसभर ती बाई माझ्या जिवावर कळा देते. आणि ऐनवेळी मीच मास्क लावून पडद्यापलीकडे गेले की तिच्याजवळ कोण? सगळे अनोळखी. म्हणून तू पोटाकडं, मी डोक्याकडं.”

तिने एक किडकी शेंग बाजूला टाकली.

“काल ती सारखी मान वळवत होती. मॅडम कुठं गेल्या, मॅडम कुठं गेल्या. मी तिथंच होते, पण बोलायला सवड कुठली? रडत होती शेवटपर्यंत.”

मला ते काचेतून दिसलंच नव्हतं. मी हात बघत होतो. बाईचा चेहरा पडद्याच्या पलीकडे होता, आणि खरं सांगायचं तर पलीकडे कुणी आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तरी विचारायचं ते विचारलंच. “म्हणजे पोटाकडं मीच हवा असं काही नव्हतं? दुसरं कुणीही चाललं असतं?”

तिने खरोखरच विचार केला. “हो. नीट काम करणारं कुणीही. तू जवळ होतास.”

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. मटार सोलता सोलता म्हणाली.

२२ एप्रिल

फोन नाही.

२४ एप्रिल

फोन वाजला! धावत जाऊन घेतला. आई. टीव्हीचा आवाज कमी होत नाहीये.

२९ एप्रिल

चष्मेवाल्याला बोलावलं तिने.

चष्मेवाला म्हणजे आमच्यातला सगळ्यात नवा, कालपरवा रुजू झालेला. मिसरूडही धड फुटलेलं नाही. मी जिन्यात होतो, तो दोन दोन पायऱ्या चढत वर निघालेला. “मॅडमनी बोलावलंय सर!” चेहरा असा की लॉटरी लागली. लागलीच होती. मला ठाऊक आहे ना.

मोठ्या सिस्टर नंतर म्हणाल्या, फार सुरेख हात आहे हो पोराचा. मी म्हटलं, असेल. त्यांनी मोत्यासारखे टाके असंही म्हटलं. मी म्हटलं, मला काम आहे.

आकड्यांचा मत्सर परवडला. त्यात भांडता येतं, पुन्हा मोजा म्हणता येतं. ह्याला काय करू? मॅडमकडे जाऊन सांगू, माझी बायको दुसऱ्याला हाक मारते?

३ मे

धीर करून म्हटलं, “मला बोलवत जा ना पूर्वीसारखं.”

ती म्हणाली, “तूच म्हणालास ना, हातही तुझाच असू दे? मला वाटलं, इतकी वर्षं तुला जाच होत होता आणि मला कळलं नाही. आता त्या पोरालाही शिकायचंय, येतो बिचारा धावत.”

बिचारा! मीही धावत यायचो. तिने कधी पाहिलं नाही, कारण दाराबाहेर येऊन श्वास घ्यायचो आणि मग आरामात चालत आत शिरायचो.

१२ मे

पहिल्या गटात आता माझे सतरा. बसून बसून पाठ गेली, पण सतरा. मॅडम म्हणाल्या, चांगली सुधारणा. बायको म्हणाली, “छान रे!” आणि ते मनापासून म्हणाली, हेच तर खुपतं. तिला माझ्याविषयी एकदाही वाटत नाही का, की हा पुढं जाईल? एकदाही पोटात दुखत नाही? मी तिच्या शर्यतीतच नाही. मी एकटाच धावतोय आणि ती कडेला उभी राहून पाणी देतेय.

२० मे

खुर्ची तिची.

मॅडमनी दोघांना एकत्र बोलावून सांगितलं. मला म्हणाल्या, “तुमच्यामुळे मोजणी सुधारली, हे मी वर कळवलंय.” ते घेऊन काय चाटायचंय?

मी अभिनंदन म्हणालो. तोंडाने. पोटाने नाही. आईने साऱ्या नातेवाइकांना फोन केले. “सून साहेब झाली माझी.” मावशीने विचारलं असावं, मुलगा काय म्हणतो? आई म्हणाली, “तो ना, तो बरा आहे. हल्ली बूट काढून बसतो.”

२६ मे

ती खुर्चीवर अजून बसलेली नाही. काल मॅडम राउंडला गेल्या तेव्हा रिकाम्या केबिनमध्ये मी जाऊन बसून पाहिलं. गादी खचलीय, एका बाजूला कलते. मॅडम इतकी वर्षं अशा तिरक्या बसत आल्यात. उठलो. कुणी पाहिलं नाही.

४ जून

माझी पहिलटकरीण. सकाळपासून बसलो होतो. हिला नणंद होती, दोन होत्या, विषय पुरला. दुपारनंतर ठोके घसरले, कुशीवर वळवून पाहिलं, सावरेनात. आता काढायलाच हवं होतं. माझा निर्णय, माझं नाव, सतराचे पुन्हा अठरा. चष्मेवाला शेजारीच उभा होता, हात धुवायला निघालाही होता. मी त्याला थांबवलं आणि बायकोला फोन केला. “ये. तू काप. मी हिच्यापासून हलत नाही.”

काही न विचारता आली. पडद्यापलीकडे उभी राहिली. अलीकडे त्या पोरीने माझा हात असा धरला होता की बोटं काळीनिळी, आणि एकच धोशा, “सर, जाऊ नका ना.” बाळ रडलं. बायकोने पडद्यावरून मान वर काढून आमच्याकडे पाहिलं. पाहतच राहिली. बाळ दाखवायचं विसरली!

मास्क होता, तरी काय झालं, तेवीस वर्षांचा संसार आहे. ते डोळे मी ओळखतो. रोज आरशात बघतो.

जळत होती!